डोक्यात जागा किती उरली?

हेलिकॉप्टर उडवणाऱ्या पायलटच्या डोक्यावर नेमकं किती ओझं असतं, हे मोजायचं कसं? तेही तो उडवत असतानाच! जगभरचे संशोधक पन्नासहून जास्त वर्षं या प्रश्नामागे लागलेत. आपल्या समुद्रात रोज ड्यूटीवर जाणाऱ्या माणसांच्या जिवाशी या प्रश्नाचं थेट नातं आहे.

वसई नावाची एक जागा भर समुद्रातही आहे, माहितीये? तिथे ना किल्ला, ना सुकेळी, ना स्टेशनबाहेरची रिक्षाची लाइन. पण नाव आपलंच! इंग्रजांनी वसईचं 'बसीन' केलं आणि ओएनजीसीला १९७६ साली मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली जो प्रचंड गॅससाठा सापडला, त्याचं नाव पडलं 'बसीन फील्ड'. इथला गॅस समुद्राखालच्या पाइपातून थेट गुजरातेत हजिऱ्याला जातो. त्याच्याही पलीकडे, किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर, आपलं जगप्रसिद्ध 'मुंबई हाय'. तिथे १९७४ साली तेल सापडलं आणि १९७६ पासून उपसा सुरू झाला.

आता या पोलादी बेटांवर काम करणारी माणसं जातात कशी? बोटीने वेळ फार जातो. म्हणून हेलिकॉप्टर. सुटतात जुहूहून. हो, तोच जुहूचा जुना विमानतळ, जिथे १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. आपल्यापैकी कुणी विरार फास्ट पकडून चर्चगेटला जातं, कुणी अंधेरीला उतरतं. आणि कुणाच्या तरी बिल्डिंगमधला एखादा काका किंवा दादा चौदा दिवसांची बॅग भरून जुहूला पोहोचतो, लाइफ जॅकेट चढवतो आणि तासाभरात भर समुद्रात असतो. चौदा दिवस आत, चौदा दिवस घरी. त्याच्यासाठी हेलिकॉप्टर म्हणजे ऑफिसची लोकलच.

फरक एकच. या लोकलला रूळ नाहीत.

१३ जानेवारी २०१८, शनिवार. सकाळी दहानंतर पवनहंसचं एक डॉफिन हेलिकॉप्टर जुहूहून निघालं. आत ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन पायलट. काही मिनिटांतच संपर्क तुटला. पुढे शोध लागला तो आपल्याच जिल्ह्यात, डहाणूसमोरच्या समुद्रात. सातांपैकी एकही वाचला नाही.

हा पहिला अपघात नव्हता. ऑगस्ट २००३ मध्ये ओएनजीसीच्या माणसांना नेणारं एमआय-१७२ जातीचं हेलिकॉप्टर मुंबईजवळच्या समुद्रात कोसळलं आणि २७ जण गेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये रात्रीच्या सरावाच्या उड्डाणात डॉफिन समुद्रात पडलं, दोन पायलट गेले. आणि हा शेवटचाही ठरला नाही. २८ जून २०२२ ला 'सागर किरण' रिगजवळ सिकोर्स्की एस-७६डी पाण्यात उतरलं. नऊपैकी चार जण दगावले.

या अपघातांची कारणं एकसारखी नाहीत आणि सगळ्याचं खापर पायलटच्या डोक्यावरच्या ओझ्यावर फोडणं चुकीचं होईल. पण हेलिकॉप्टरचा विषय निघाला की सुरक्षेवर काम करणारी जगभरची मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. ऐन मोक्याच्या क्षणी पायलटच्या डोक्यात किती जागा शिल्लक होती?

दोन हात, दोन पाय, एक डोकं

आधी हे समजून घेऊ की हेलिकॉप्टरच का? विमानाचा पायलटही बिझी असतोच की!

असतो. पण नीट बांधलेलं विमान हवेत एकदा स्थिरावलं की बरंचसं स्वतःला सावरून घेतं. हात क्षणभर सोडला तरी ते लगेच उलटंपालटं होत नाही. हेलिकॉप्टरचा स्वभाव वेगळा. विशेषतः एका जागी तरंगताना, म्हणजे हॉवर करताना, ते सतत कुठेतरी घसरायला बघतं.

पायलटच्या डाव्या हाताला एक दांडा असतो, कलेक्टिव्ह. तो वर ओढला की हेलिकॉप्टर वर जातं. उजव्या हातात सायक्लिक. तो ज्या बाजूला कलेल त्या बाजूला हेलिकॉप्टर जातं. पायाखाली दोन पेडल, त्यांनी नाक डावी-उजवीकडे वळतं. ऐकायला सोपं वाटतं ना? गंमत पुढे आहे. कलेक्टिव्ह ओढला की इंजिनाला जास्त जोर लागतो, आणि त्या जोराने आख्खं हेलिकॉप्टर उलट दिशेला गरकन फिरायला बघतं. मग पेडल दाबा. पेडल दाबलं की ते थोडं बाजूला सरकतं. मग सायक्लिक हलवा. सायक्लिक हलवला की थोडी उंची जाते. मग पुन्हा कलेक्टिव्ह! एक गोष्ट दुरुस्त करायला गेलं की बाकीच्या दोन बिघडतात आणि हे चक्र थांबत नाही.

शिकलेल्या पायलटचे हातपाय हे सगळं आपोआप करतात. आपण सायकल चालवतो तसंच. पण 'आपोआप' म्हणजे फुकट नव्हे. डोक्याचा एक कोपरा त्यात कायम अडकलेला असतो. उरलेल्या डोक्यात बसवायचंय बाकीचं सगळं. रेडिओवर कोण काय म्हणतंय, इंधन किती, वारा कुठला, ढग किती खाली, रिगवरची क्रेन बाजूला घेतलीय की नाही, गॅस जाळणाऱ्या ज्योतीची गरम हवा कुठल्या दिशेला जातेय… आणि उतरायचं कुठे, तर चारही बाजूंना पाणी असलेल्या एका छोट्याशा डेकवर.

'किती काम?' की 'किती उरलं?'

कामाचं ओझं मोजायचं म्हटलं की आपल्या डोक्यात पटकन तास येतात. आज दहा तास काम केलं, बारा तास केलं. विमानवाहतुकीचे नियमही तास मोजतातच. पायलटने दिवसात किती उडवायचं, किती विश्रांती घ्यायची, हे ठरलेलं असतं. थकवा आवरायला ते हवंच. पण डेकवर उतरण्याच्या त्या दोन मिनिटांत डोक्यात काय चाललंय, हे घड्याळ सांगू शकत नाही.

मग संशोधकांनी प्रश्नच बदलला. पायलट किती काम करतोय यापेक्षा, ते करून त्याच्याकडे किती शिल्लक आहे ते बघा. याला ते 'स्पेअर कपॅसिटी' म्हणतात.

हा अनुभव आपल्यालाही आहे. पावसाळ्यात अहमदाबाद हायवेवरून गाडी चालवताय, शेजारी मित्र, मस्त गप्पा रंगल्यात. वसई फाट्याजवळ समोर ट्रेलर, मागून बस, काचेवर पावसाचा मारा… आणि तुमचं वाक्य अर्ध्यातच थांबतं. मित्राला वाटतं, हा का गप्प झाला? गप्प काही ठरवून झाला नाहीत. बोलायला डोक्यात जागाच उरली नाही.

संशोधकांनी नेमकी हीच युक्ती वापरली. पायलटला उडवता उडवता एखादं साधंसं जादा काम द्यायचं, उदाहरणार्थ तोंडी बेरीज किंवा एखादा आवाज आला की बटण दाबणं. मग बघायचं, ते कधी चुकायला लागतं. जिथे बेरीज चुकली तिथे डोकं भरलं! पण यात एक मोठी गोची आहे. खऱ्या उड्डाणात, खऱ्या वाऱ्यात पायलटला बेरजा कोण करायला लावणार? आधीच भरलेल्या डोक्यात आणखी सामान कोंबायचं म्हणजे मोजण्याच्या नादात अपघातच. म्हणून ही युक्ती जास्त करून सिम्युलेटरमध्येच वापरली जाते.

हवेत चालेल असं काहीतरी हवं होतं. सुरुवात झाली १९६९ मध्ये. अमेरिकेत जॉर्ज कूपर आणि रॉबर्ट हार्पर या दोघांनी टेस्ट पायलटांसाठी एक ते दहाची पट्टी बनवली. विमान हाताळायला किती सोपं-अवघड, हे पायलटने एका आकड्यात सांगायचं. हा 'कूपर-हार्पर' आकडा आजही जगभरचे टेस्ट पायलट वापरतात.

पण ती पट्टी मुख्यतः यंत्राबद्दल होती. माणसाच्या ओझ्याबद्दलची पट्टी ब्रिटनमधल्या बेडफर्डच्या सरकारी विमान-संशोधन केंद्रात तयार झाली. डॉ. अ‍ॅलन रॉस्को यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. तिचं नावच पडलं 'बेडफर्ड स्केल'. यात पायलटला फक्त तीन प्रश्न असतात. काम पूर्ण करता आलं का? ओझं सहन होण्यासारखं होतं का? ते कमी न करताही ठीक होतं का? या उत्तरांवरून एक ते दहापैकी एक आकडा निघतो. एक ते तीन, मजेत. चार ते सहा, चालेल, पण हाताशी फारसं काही उरत नाही. सात ते नऊ, हे असं चालणार नाही. आणि दहा म्हणजे काम सोडून द्यावं लागलं.

हेलिकॉप्टर उडवताना रेडिओवर "पाच" किंवा "सात" एवढंच म्हणायचं. बस्स! फॉर्म नाही, पेन नाही. हलत्या जहाजाच्या डेकवर उतरण्याच्या चाचण्यांत तर याहून सुटसुटीत, एक ते पाचची पट्टी वापरतात. चार किंवा पाच आकडा आला की त्या वाऱ्यात, त्या लाटांत उतरायचं नाही. कुठल्या जहाजावर किती वाऱ्यात उतरायचं याच्या मर्यादा अशा चाचण्यांतून ठरतात. एका माणसाने दिलेल्या एका आकड्यावर पुढच्या शेकडो लँडिंगचा निर्णय!

नासाचे सहा प्रश्न

या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं नाव मात्र नासाचं. नासा म्हणजे चंद्र आणि मंगळ असं आपल्याला वाटतं. पण कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात हेलिकॉप्टरवर दणकून काम झालंय. १९८८ साली तिथल्या सॅन्ड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी 'टास्क लोड इंडेक्स' मांडला. प्रेमाने 'टीएलएक्स'.

त्यांचं म्हणणं असं की ओझं ही एक गोष्ट नाहीच. ती सहा गोष्टींची भेळ आहे. डोक्याला किती ताण, शरीराला किती, वेळेची किती घाई, काम किती जमलं, त्यासाठी किती झटावं लागलं आणि चिडचीड किती झाली. प्रत्येकाला शून्य ते शंभर गुण. शिवाय तुमच्या कामात या सहांपैकी कशाचं महत्त्व जास्त, हेही विचारायचं.

चिडचीडसुद्धा मोजायची? अगदी! कारण हातात काम तेवढंच असलं तरी वैतागलेल्या माणसाच्या डोक्यात जागा कमी उरते. हे आपल्याला बॉसने सांगायची गरज नाही.

टीएलएक्स इतका चालला की वीस वर्षांच्या आतबाहेर तो साडेपाचशेवर अभ्यासांत वापरला गेला होता. आज तो नर्सेसना, ड्रायव्हरना, सर्जनना, कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांनाही लावतात.

ओझं मोजण्यामागे काय काय पणाला लागतं, याचं एक झकास उदाहरण त्याच काळातलं. १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याला नवं टेहळणी हेलिकॉप्टर हवं होतं. इलेक्ट्रॉनिक्स इतकं भारी असेल की एकच पायलट पुरे, असा विचार चालू होता. एक माणूस कमी म्हणजे वजन कमी, खर्च कमी. हिशेब फक्कड! पण जमिनीलगत उडायचं, रस्ता शोधायचा, रेडिओ सांभाळायचा, शत्रूवर नजर ठेवायची, हे सगळं एका डोक्यात मावेल का, यावर बराच खल झाला. शेवटी जे 'कोमांचे' हेलिकॉप्टर बनलं, त्यात दोन सीट होत्या. पुढे २००४ मध्ये तो सगळा कार्यक्रमच गुंडाळला गेला, पण एका डोक्याची मर्यादा तोवर सगळ्यांना कळली होती.

"ठीक आहे" म्हणणारा पायलट

इथवर सगळी मोजणी पायलटच्या शब्दावर. आणि तिथेच घोळ आहे.

एक तर माणूस उतरल्यावर विसरतो. लँडिंग छान झालं की मधली पाच मिनिटं किती भयंकर होती, हे आठवतच नाही. दुसरं म्हणजे इगो. अनुभवी पायलट "आठ" म्हणेल का? आपल्याकडे तर "काय मग, जमतंय ना?" या प्रश्नाला "हो हो, मॅनेज होतंय" हे एकच उत्तर शिष्टसंमत आहे! आणि तिसरी गोष्ट सगळ्यात धोकादायक. डोकं पूर्ण भरलेल्या माणसाला डोकं भरलंय हे कळायलासुद्धा थोडी जागा लागते. तीच नसते.

म्हणून संशोधक शरीराकडे वळले. शरीर काय म्हणतं?

डॉ. रॉस्कोंनी टेस्ट पायलटांच्या हृदयाचे ठोके वर्षानुवर्षं उड्डाणातच मोजले. लँडिंगला ठोके वाढतात हे उघडच. पण ते भीतीने की कामाने? उत्तर मजेशीर निघालं. एकाच विमानात दोन पायलट शेजारी शेजारी बसलेत, धोका दोघांना सारखाच. पण ठोके चढतात ते ज्याच्या हातात कंट्रोल आहेत त्याचे. म्हणजे मुरलेल्या पायलटचं हृदय घाबरून धावत नाही, कामाने धावतं.

त्याहून बारीक खूण म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर. निवांत माणसाच्या ठोक्यांमध्ये थोडा कमीजास्तपणा असतो. डोकं एकवटून कामाला लागलं की हा कमीजास्तपणा घटतो आणि ठोके घड्याळासारखे एकसारखे पडायला लागतात.

डोळेही चुगली करतात. डॅनियल काहनेमन, ज्यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी जॅक्सन बीटीसोबत १९६६ मध्ये दाखवलं की माणसाला आकडे लक्षात ठेवायला दिले, की जितके आकडे जास्त तितकी बाहुली मोठी होते. बघण्याचं काम वाढलं की पापण्यांची उघडझाप कमी होते. डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरीही बघता येतात.

मग झालं ना काम? लावा तारा आणि मोजा!

इथे हेलिकॉप्टर पुन्हा आडवं येतं. ते सतत थरथरत असतं. ती थरथर तारांमध्ये मिसळते. मान हलली, जबडा आवळला की स्नायूंचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलवर चढून बसतो. वर हेडसेट, त्यात घाम. बाहुलीचं म्हणाल, तर ती उन्हानेही लहान-मोठी होते, आणि समुद्रावर ऊन म्हणजे काय ते अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दुपारी उभं राहून बघा. शांत प्रयोगशाळेत जे झकास मोजता येतं, ते कॉकपिटमध्ये निम्मं हरवतं. म्हणून जाणकार एकाच खुणेवर भरवसा ठेवत नाहीत. ठोके, डोळे, हाताची हालचाल आणि पायलटने सांगितलेला आकडा, हे सगळं शेजारी ठेवून बघतात. सगळे एकच गोष्ट सांगत असतील तर ठीक. पायलट "चार" म्हणतोय आणि शरीर ओरडतंय, तर तिथे थांबून विचारायचं.

हातातला दांडा काय सांगतो

या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली कल्पना ब्रिटनची. नॉर्थ सी म्हणजे त्यांचं मुंबई हाय. तिथेही तेलाच्या प्लॅटफॉर्मवर रोज हेलिकॉप्टर जातात. वारा प्लॅटफॉर्मच्या टॉवरवर, क्रेनवर आपटून फुटतो आणि नेमका डेकवर भोवरे करतो. कुठल्या प्लॅटफॉर्मवर कुठल्या वाऱ्यात त्रास होतो, हे पायलटांना माहीत असायचं, पण ते कागदावर कसं आणायचं?

हेलिकॉप्टरमध्ये ब्लॅक बॉक्ससाठी सगळी माहिती नोंदवली जातेच. दांडे किती हलले, किती वेळा दिशा बदलली, सगळं. शांत हवेत पायलटचा हात जरा जरा हलतो. खवळलेल्या हवेत तो सतत पुढे-मागे, डावी-उजवीकडे दुरुस्त्या करतो. म्हणजे दांड्याची हालचाल हाच कामाचा आकडा! ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने या शतकाच्या सुरुवातीला रोजच्या साध्या फेऱ्यांची ही माहिती गोळा करून तपासायला सुरुवात केली. पायलटला एकही तार लावली नाही, एकही प्रश्न विचारला नाही. कुठल्या प्लॅटफॉर्मवर, कुठल्या दिशेच्या वाऱ्यात हात जास्त झगडतो, याचे नकाशेच तयार झाले.

आणि सिम्युलेटरमध्ये पायलटांना वेगवेगळ्या भोवऱ्यांतून उतरवून, त्यांचं ओझं मोजून एक मर्यादाही ठरली. डेकवरच्या हवेच्या उभ्या हालचालीतला चढउतार सेकंदाला १.७५ मीटरच्या आत असावा. प्लॅटफॉर्म बांधणारा इंजिनीअर टेबलावर बसून जो आकडा बघतो, त्यामागे कुणा पायलटच्या हाताची धावपळ आहे. ओझं मोजण्याचा खरा उपयोग हा. "पायलट कमी पडला" असं म्हणून फाइल बंद करण्याऐवजी डेक बदलता येतो, टॉवरची जागा बदलता येते, वाऱ्याची मर्यादा ठरवता येते.

आधी कान बंद होतात

डोकं भरलं की नेमकं काय होतं? माणूस घाबरून ओरडत वगैरे नाही. उलट, शांतपणे एकेक गोष्ट गळून पडते. आणि पहिल्या गळणाऱ्या गोष्टींत असतात कान.

२०१४ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी २८ पायलटांना सिम्युलेटरमध्ये अवघड लँडिंग करायला लावलं आणि ऐन गडबडीत चाकांचा अलार्म वाजवला. आवाज चांगला मोठा. तरीही ११ जणांनी त्याची दखलच घेतली नाही. कान ठणठणीत होते. आवाज कानापर्यंत पोचला, आत जागा नव्हती.

बास्केटबॉलचा सुपरस्टार कोबी ब्रायंट आठवतोय? २६ जानेवारी २०२० ला लॉस एंजेलिसजवळ त्याचं हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि टेकडीवर आदळलं. नऊही जण गेले. यंत्रात बिघाड नव्हता. पायलट मुरलेला होता. त्याने कंट्रोलरला सांगितलं की आम्ही ढगांच्या वर चढतोय. त्या वेळी हेलिकॉप्टर प्रत्यक्षात वळत वळत खाली येत होतं. बाहेर काही दिसेनासं झालं की आतल्या कानाचा तोल फसवतो आणि वर-खालीचं भानच जातं. पायलटांच्या भाषेत 'डिसओरिएंटेशन'. अशा वेळी डोळ्यांनी फक्त मीटर बघायचे आणि शरीर जे सांगतंय ते धुडकावून लावायचं, हा एकच उपाय. पण शरीराशी भांडायला डोक्यात भरपूर जागा लागते. आपल्याकडे बेंगळुरूला हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे. तिथे पायलटांना हा भास सिम्युलेटरमध्ये मुद्दाम अनुभवायला लावतात, म्हणजे पहिली भेट खऱ्या ढगात व्हायला नको.

समुद्रावर ढगसुद्धा लागत नाही. धुरकट हवेत पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं होतं, क्षितिज पुसलं जातं. रात्री तर रिगचे दिवे सोडले तर सगळा काळोख. म्हणून समुद्रावरच्या या फेऱ्यांना दोन पायलट असतात. एक उडवतो, दुसरा मीटरवर नजर ठेवून बोलत राहतो. दुसऱ्याचं डोकं ही पहिल्याची राखीव जागा.

मग ऑटोपायलट? नवी हेलिकॉप्टरं त्यात हुशार आहेत. उंची, वेग, दिशा सगळं धरून ठेवतात. हाताचं काम कमी होतं, पण डोळ्यांचं वाढतं. बघत बसण्याचंही ओझं असतंच. आणि काम फारच कमी झालं तर माणूस सुस्तावतो आणि अचानक संकट आलं की भानावर यायला वेळ लागतो. रिकामं डोकंही नको, भरलेलंही नको. थोडी जागा हवी.

प्रवाशांनाही हे शिकवलं जातं बरं का! समुद्रावर ड्यूटीला जाण्याआधी ओएनजीसीच्या माणसांना पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडायचं ट्रेनिंग घ्यावं लागतं. पट्टा कधी सोडायचा, खिडकी कुठल्या हाताने ढकलायची, हे हातात मुरेपर्यंत घोटून घेतात. कारण पाणी नाकातोंडात जात असताना विचार करायला डोकं मिळणार नाही, हे गृहीतच धरलेलं असतं.

चौकट : तुमचा टीएलएक्स काढा!

हेलिकॉप्टर नसलं तरी डेडलाइन तर आहे? मग रात्री घरी पोचल्यावर, पंखा लावून, आजच्या दिवसाला प्रत्येक प्रश्नावर ० ते १०० गुण द्या.

१. डोकं किती चालवावं लागलं? (विचार, निर्णय, लक्षात ठेवणं)
२. शरीर किती दमलं? (८.०२ च्या विरार लोकलमध्ये चढणंसुद्धा धरा!)
३. घाई किती होती?
४. काम किती फसलं? (उत्तम जमलं असेल तर शून्य, पार फसलं असेल तर शंभर)
५. तेवढं जमवायला किती झटलात?
६. चिडचीड, वैताग, टेन्शन किती?

सहांची बेरीज करा, सहाने भागा. हा झाला तुमचा आकडा. अमुक आकड्यावर धोका, अशी सगळ्यांना लागू पडणारी लाल रेघ नसते. म्हणून शेजारच्याशी तुलना नको. स्वतःच्याच मागच्या आठवड्याशी करा. आणि एकूण आकड्यापेक्षा कुठला प्रश्न सगळ्यात उंच गेलाय ते बघा. डोकं शांत, पण घाईचे नव्वद? मग काम अवघड नाही, वेळापत्रक वाईट आहे. घाई नाही, पण चिडचीड ऐंशी? तर मग रविवारची झोप काढून फरक पडणार नाही, दुखणं दुसरीकडे आहे.

शब्द एकच : स्टँडबाय

पायलटांना पहिल्या दिवसापासून एक क्रम शिकवतात. आधी उडव. मग वाट शोध. मग बोल. उलटं कधीच नाही. कंट्रोलरने काही विचारलं आणि त्या क्षणी हात भरलेले असतील, तर पायलट एकच शब्द म्हणतो, "स्टँडबाय". थांबा, सांगतो. त्यात उद्धटपणा नाही आणि कंट्रोलरही रागावत नाही. समोरच्याचं डोकं भरलंय, एवढाच त्याचा अर्थ. सगळी यंत्रणा या शब्दाचा मान ठेवते.

आपल्या ऑफिसांत हा शब्द कुणी उच्चारला तर? बॉसने पाचवं काम टेबलावर टाकलं, चौथ्याचा फोन वाजतोय, आणि आपण नेहमीसारखं "हो सर, करतो" म्हणतो. संध्याकाळी मेलमध्ये चुकीची फाइल जाते, भाईंदरच्या खाडीवर गाडी आल्यावर ते आठवतं, आणि मग घरी पोचेपर्यंत स्वतःलाच शिव्या. आपल्या चुकीने कुणी समुद्रात पडत नाही, हे नशीब. पण आपल्यातही कुणी बाइकवर घरी जातं, कुणी आयसीयूत नाइट शिफ्ट करतं, कुणी शाळेची बस चालवतं. त्यांच्या डोक्यात किती उरलंय, हा प्रश्न त्यांच्या मागे बसलेल्यासाठी साधा नाही.

तेव्हा उद्या जुहूच्या चौपाटीवर डोक्यावरून एखादं हेलिकॉप्टर समुद्राकडे जाताना दिसलं, तर क्षणभर वर बघा. आत कुणाच्या तरी घरचा माणूस आहे, चौदा दिवसांची बॅग घेऊन. पुढे दोन डोकी आहेत. त्या दोन डोक्यांत थोडी जागा रिकामी असावी, म्हणून कुठेतरी कुणीतरी दांड्याची हालचाल मोजतंय, ठोके मोजतंय, "पाच की सात?" असं विचारतंय.

आणि संध्याकाळी घरातलं कुणी दमून आलं, तर "कसा गेला दिवस?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "ठीक" असंच येतं. त्यापेक्षा विचारा, "एक ते दहा, किती?"

सात म्हणाले, तर बाजारहाट आज तुम्ही करा!